जिना अजून मंजूर नाही

अहो, तुमच्या फाइलला पुन्हा क्वेरी लागली.

आज सकाळी बांधकाम परवानगीच्या खिडकीवर गेले होते. खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटरवर तुमचं नाव काढलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "अर्जदारांना सही करायला घेऊन या." मी म्हटलं, "ते येणार नाहीत." त्या म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात मावशी. कामावरून सुट्टी काढायला सांगा." मग मी सांगितलं. तशा त्या उठून उभ्या राहिल्या, मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, आणि खरंच वाईट वाटलेल्या आवाजात म्हणाल्या, "मग आता वारसांच्या नावानं नव्यानं अर्ज करावा लागेल." म्हणजे तुम्ही गेलात ते गेलात, वर रांगेतला नंबरही घेऊन गेलात.

चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. शेजारच्या ढवळेभाऊंनी लावला. फोटो भाचीच्या लग्नातला आहे, फेटा बांधलेला, आणि चेहऱ्यावर फेटा घट्ट झाल्याचं स्पष्ट दिसतंय. खाली लिहिलंय, 'प्रामाणिक, मितभाषी, मनमिळाऊ.' प्रामाणिक ठीक आहे, ते मी संसारभर भोगलंय. मितभाषीही खरं आहे आणि माझा सगळा राग त्याच्यावरच आहे, ते पुढे सांगते. पण मनमिळाऊ कुणाला सुचलं? शेवटचं वर्षभर ज्या गल्लीतलं एकही घर तुमच्याशी धड बोलत नव्हतं, त्याच गल्लीनं वर्गणी काढून मनमिळाऊ छापलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, माहिती तपासून घ्यायला हवी होती.

नवी माणसं येतात भेटायला, त्यांना मी घराची गोष्ट पहिल्यापासून सांगते. लातूरकडून आलेली आपण माणसं. काळेवाडीत तेव्हा मधे मधे शेतं होती. कंपनीतल्या चौघांनी मिळून जागा घेतली आणि तुमच्या वाट्याला अर्धा गुंठा आला. आधी पत्र्याची खोली, मग तिच्यावर स्लॅब, मग वरचा मजला. परवानगी हा शब्द आपल्या गल्लीत कुणी उच्चारत नव्हतं. गल्लीचा शब्द होता 'सलग सुट्टी'. दिवाळी आली, किंवा शनिवार-रविवारला जोडून सण आला, की शुक्रवारी संध्याकाळी खडीचे ट्रक आत शिरायचे आणि ऑफिसं उघडायच्या आत कुणाचा तरी स्लॅब पडलेला असायचा. ज्याचा स्लॅब त्याच्याकडे सगळ्या गल्लीचं जेवण. बायका भाकऱ्या थापायच्या, माणसं सिमेंटच्या पाट्या द्यायची. आपला वरचा मजलाही तसाच झाला. तेव्हा तुम्ही कंपनीत मशीनवर होता, माल तपासायला क्वालिटीत गेला नव्हता, त्यामुळे घर तरी बांधून झालं.

जागा वाचावी म्हणून बाहेरून गोल लोखंडी जिना लावला. पाऊल आडवं टाकावं लागतं असा. कपाट वर न्यायचं झालं तेव्हा दोर बांधून गॅलरीतून ओढून घेतलं होतं, आठवतं ना. आणि गॅलरी. ती तर तुम्ही माझ्यासाठी काढलीत. खालच्या खोलीत मी भर दुपारी बल्ब लावून साड्यांना फॉल लावायची, डोळे चोळायची. तुम्ही एकदा नुसतं बघितलंत आणि म्हणालात, "वर तुला उजेड काढून देतो." स्लॅब गल्लीवर थोडा पुढे ओढलात, कठड्याला जाळी बसवलीत, आणि माझं मशीन तिथे आलं. वरून पिशवी सोडायची, खालून बायकांनी साडी टाकायची, फॉल-पिको होऊन पुन्हा पिशवीतून खाली. कुणाच्या सुनेचा रंग कुठला, कुणाची साडी कोणत्या कार्याची, सगळं मला वर बसून कळायचं. शाळेतली पोरंसुद्धा पत्ता सांगताना म्हणायची, गॅलरीवाल्या मावशीच्या शेजारी.

मग मी त्या जिन्यावरून पडले. ओल्या कपड्यांची बादली हातात, आणि पाय त्या निमुळत्या बाजूला पडला. गुडघा कायमचा बिघडला. दवाखान्यातून आणलंत त्या दिवशी तुम्ही जिन्याखाली उभे राहून वर बघत म्हणालात, "मालन, हा जिना काढायचा. मागच्या बाजूला सिमेंटचा करू, रुंद, कठडा धरून चढशील असा." मला बरं वाटलं. म्हटलं, दिवाळी जवळ आलीये, करून टाकू. तर तुम्ही म्हणालात, "नाही. परवानगी काढून."

मी हसले होते. मला खरंच विनोद वाटला.

ढवळेभाऊही हसले. ते आपल्या भिंतीला भिंत लावून राहणारे, गावही आपल्याच बाजूचं. आदल्या दिवाळीतच त्यांनी स्वतःचा जिना केला होता, दोन माणसं शेजारी शेजारी उतरतील एवढा. ते म्हणाले, "भाऊ, जिन्याला परवानगी काढायची तर आधी घर तरी परवानगीचं पाहिजे की. हितं हाय का कुणाचं?" तुम्ही म्हणालात, "म्हणून तर. कुठून तरी सुरुवात करायला पाहिजे." सुरुवात करायची ती माझ्या गुडघ्यापासून कशाला, हे मी तेव्हा विचारलं होतं आणि आताही विचारते.

हे सगळं त्या चाकणच्या कंपनीनं तुमच्या अंगात भिनवलं. तिथे माल तपासताना स्वतःच्या हातून झालेली चूक सापडली तर आपणच त्या नगाला लाल टॅग बांधायचा आणि बाजूला ठेवायचा. लपवणाऱ्याची चौकशी होते, टॅग लावणाऱ्याला कुणी बोलत नाही. तुम्ही हे मला इतक्या वेळा सांगितलंय, की कालवणात मीठ जास्त पडलं तर मी स्वतःच पातेल्याला चिंधी बांधून ठेवायची. तुम्ही हसायचात. पण तुमचा त्यावर खरोखर विश्वास होता. सगळं जग आपल्या कंपनीतल्या शॉपसारखं चालतं आणि चूक आधी सांगणाऱ्याला कुणी काही करत नाही, असं तुम्हाला वाटत होतं.

तुमची सुट्टी गुरुवारची. बाकी जगाला रविवार, तुम्हाला गुरुवार, त्यामुळे ऑफिसं तुम्हाला उघडी सापडायची. मला वाटतं, रविवारची सुट्टी असती तर आपला जिना कधीच झाला असता. ताथवड्याच्या आर्किटेक्ट मॅडमकडे पहिल्या दिवशी मीही आले होते. आपल्या निलेशच्या वयाची मुलगी. तिनं घराचा नकाशा काढला आणि पेन्सिल थांबवून विचारलं, "काका, गॅलरी रस्त्यावर येतीये. दाखवायची का?" अहो, तिनं विचारलं! कोण विचारतं असं? ती वाट काढून देत होती. आणि तुम्ही म्हणालात, "आहे तर दाखवायला पाहिजे."

मग पाहणीला इंजिनिअर आला. पोरगाच होता. नकाशा बघितला, गॅलरी बघितली, परत नकाशा बघितला.

"काका, ही तुम्ही स्वतःहून दाखवलीत?"

"आहे ना ती."

"आहे हो. पण दाखवत नाही कुणी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दोऱ्याचं रीळ शोधायला लागले. चहा पिऊन तो गल्लीत उतरला, आणि उभ्या उभ्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. गॅलऱ्या सगळ्या एका ओळीत. आपल्या घराची बघितली आणि बाकीच्या न बघताच गेला असता, तर त्याचंही काम चुकलं असतं. पुढे माणसं आली, टेप लावून सगळी गल्ली मोजून गेली, प्रत्येक गॅलरीखाली लाल रंगानं आकडे टाकून गेली. मागोमाग नोटिसा आल्या.

त्या नोटिसांचं पुढे काही झालं नाही. पण गल्लीला ते आधी कसं कळणार? त्या संध्याकाळी ढवळेभाऊ खालून ओरडले होते. "भाऊ, सोताच्या घराला लाल टॅग लावा की! आमच्या घराला काहून लावायलाव?" तुम्ही कठड्याशी उभे. "मी फक्त आपली दाखवली, ढवळे." ढवळे म्हणाले, "एकाच ओळीतली घरं हायत. एक दावलं की सगळी दिसत्यात. एवढं बी कळंना का तुमाला?" पुढच्याच आठवड्यात त्यांनी मागच्या गच्चीवरच्या कठड्यावर विटा चढवल्या, डोक्याच्या वर भिंत नेली. त्या कठड्यावरून त्यांची वनिता मला कढीपत्ता द्यायची, मी तिला ताक द्यायची. माझी पिशवीसुद्धा रिकामी वर यायला लागली. बायका साड्या घेऊन डांगे चौकात जायच्या, पण माझ्याकडे टाकायच्या नाहीत.

तेव्हा आपलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, "चुका शोधायचा पगार तुम्हाला कंपनी देते. गल्ली देते का?" तुम्ही भाकरी मोडत होता. म्हणालात, "जिना सरळ झाला की सगळे विसरतील." मी म्हटलं, "जिना होईपर्यंत मी सरळ राहिले पाहिजे ना!" तुम्ही भाकरी संपवलीत, ताट धुतलंत, आणि माझ्या गुडघ्याला लावायचं तेल गरम करायला ठेवलंत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, हे मला कधी जमलं नाही. समोरचा तेल गरम करतोय म्हटल्यावर पुढचं वाक्य तोंडातच राहायचं.

आणि ते जिना उतरणं. ते कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मला खाली जायचं असलं की तुम्ही माझ्या पुढे व्हायचात आणि उलटे उतरायचात, तोंड माझ्याकडे करून. एक हात खांबाला, एक माझ्या कोपराखाली. मी म्हणायची, "तुम्ही पडाल." तुम्ही म्हणायचात, "पडलो तर आधी मी पडेन, तू माझ्यावर पडशील. तुला लागणार नाही." बाजारात जाताना तसं, दवाखान्यात जाताना तसं, वनिताच्या मुलीच्या हळदीला बोलावणं नव्हतं तरी मला खाली उभं राहून वाजंत्री ऐकायची होती, तेव्हाही तसंच. त्या दिवशी तर मी चिडून अर्ध्यातून परत वर चढले. तुम्ही मागोमाग वर आलात.

गुरुवार मात्र चुकला नाही. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, डबा. संध्याकाळी आलात की मी विचारायची, "काय म्हणाले?" तुम्ही म्हणायचात, "बघू म्हणाले." "काय बघू?" "क्वेरी आहे एक." "कसली क्वेरी?" "आहे. टेक्निकल आहे." दरवेळी टेक्निकल. मी दहावी झालेली आहे, मशीनची बॉबिन केस खोलून परत बसवते, मला टेक्निकल कळलं नसतं का? एवढंच नाही, त्याच दिवसांत तुम्ही टेप घेऊन गॅलरी मोजायला लागलात. या टोकापासून मोजायची, त्या टोकापासून मोजायची, खाली उतरून गटाराच्या कडेपासून मोजायची, कागदावर रेघा मारायच्या. मी मशीनवर बसलेली, आणि तुम्ही माझ्या स्टुलाखालून टेप सरकवताय. मी वैतागून म्हटलं होतं, "किती वेळा मोजाल? वाढणार आहे का ती?" तुम्ही म्हणालात, "कमी होते का ते बघतोय." मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

त्या सोमवारी तुमची पहिली शिफ्ट होती. तुम्ही माझ्या स्टुलावर बसून मोजे घालत होता. मी आत चहा गाळत होते. हाक मारली, उत्तर नाही. तुम्ही उत्तर देत नाहीच कधी पहिल्या हाकेला, म्हणून मी दोन्ही कप भरले, बाहेर आले. एक मोजा पायात होता, एक हातात. डॉक्टर तो गोल जिना चढून आले आणि म्हणाले, झोपेतल्यासारखे गेले, कुणालाही काही करता आलं नसतं. म्हणून जिन्यामुळे तुम्ही गेलात असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला मला फार सोपं गेलं असतं.

पण पुढचं जिन्यामुळेच झालं. निलेश आला, पाहुणे आले, खाली बांबू आले. आणि तुम्हाला खाली न्यायचं कसं, तेच कुणाला कळेना. गोधडीत घेऊन बघितलं, दुसऱ्याच वळणावर माणसं अडकली. खुर्चीत बसवू म्हणाले, तेही होईना. मग कुणीतरी, नाव सांगत नाही, त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, हळूच म्हणालं, "गॅलरीतून दोर सोडून घेता येईल." कपाट घेतलं होतं तसं. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, निलेश सांगतो की सगळी गल्ली गप्प झाली.

त्या शांततेत मागून आवाज यायला लागला. गच्चीवर घण पडत होता. मी मागे गेले तर भिंतीतून विटा आपल्या बाजूला पडत होत्या आणि भोकातून ढवळेभाऊंचं तोंड दिसत होतं, सगळं धुळीनं भरलेलं. "भाऊला काय कपाटावानी उतरवायलाव? सरका वैनी, लागंल तुमाला. आमच्या जिन्यानं नेऊ." स्वतः बांधलेली भिंत स्वतः पाडली त्यांनी. मग त्या भगदाडातून, त्यांच्या गच्चीवरून, त्यांच्या रुंद जिन्यानं माणसांनी तुम्हाला सरळ, आडवं, न हिंदकळता खाली नेलं. विनापरवाना जिना. तुम्हाला विचारलं असतं तर नको म्हणाला असतात. त्या दिवशी पहिल्यांदाच तुमचं न ऐकता तुमचं काम नीट झालं.

ते भगदाड अजून तसंच आहे. मी येते-जाते वनिताच्या जिन्यानंच. तिनं तिकडच्या बाजूला पायपुसणं टाकून ठेवलंय. तेरावा झाला तसा निलेश म्हणाला, "आई, प्रॅक्टिकल हो. एकतर माझ्याकडे ताथवड्याला चल, लिफ्ट आहे. नाहीतर पप्पांची ती फाइल बंद कर आणि येत्या दिवाळीत जिना करून टाकू. ढवळेकाका आहेत, मी पण आहे." ताथवड्याला मी जाणार नव्हते. तिथे अकराव्या मजल्यावरून कोण पिशवीत साडी टाकणार? पण दुसरं मला पटलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यापासून मला तेच पाहिजे होतं. फाइल बंद करायला सांगायचं म्हणून मी आर्किटेक्ट मॅडमकडे गेले.

त्या मुलीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "काकू, बंद करू, पण वाईट वाटतं. इतकं सोपं होतं हो."

"सोपं? वर्ष घालवलं त्यांनी."

"पहिल्याच क्वेरीत होतं ना. रस्त्यावर आलेली गॅलरी काढा, मग घर नियमित करता येईल आणि जिन्यालाही अडचण नाही. मी काकांना तेव्हाच म्हटलं, काढून टाका." मग माझ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला म्हणाले नाहीत?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"ते म्हणाले, गॅलरी सोडून काय करता येईल ते बघा. दर गुरुवारी नवीन काहीतरी मोजून आणायचे. इकडे एवढी कमी केली तर चालेल का, कठडा आत घेतला तर चालेल का. नाही चालायचं काही. मी शेवटी म्हटलं, काका, काकूंना एकदा विचारा तरी. तर म्हणाले, 'विचारलं तर ती लगेच हो म्हणेल. म्हणूनच विचारत नाही.'"

मी तिथून कशी बाहेर पडले ते मला ठाऊक नाही. स्टॉपवर बसले, बसेस गेल्या, मी बसूनच. मला रडू येत नव्हतं. मला तुमचा इतका राग आला होता, की तुम्ही समोर असतात तर भर रस्त्यात बोलले असते. वर्षभर मी तुम्हाला नियमाचा किडा म्हणाले. कायद्याला कवटाळून बसलाय, बायकोच्या गुडघ्याची किंमत नाही, असं म्हणाले. आणि तुम्ही ऐकून घेत होता? एकदा तोंड उघडून सांगता येत नव्हतं, की अगं, कायदा राहू दे, तुझा उजेड आडवा येतोय? खोटं तुम्ही ऑफिसात बोलला नाहीत, गल्लीत बोलला नाहीत. माझ्याजवळ टेक्निकल म्हणालात.

आणि मी वर बसून विचारत होते, वाढणार आहे का ती.

परवाच्या रविवारी गॅलरी पाडली. गवंडी ब्रेकर घेऊन आला. मशीन मीच आत ओढलं, निलेशला हात लावू दिला नाही. आवाज ऐकून ढवळेभाऊ धावत आले. "वैनी, काहून तोडायलाव? कुणीच तोडंना झालंय. नोटिसा कवाच्या गारठल्या." मी म्हटलं, "जिन्याच्या आड येतीये." ते म्हणाले, "जिना काय, दिवाळीत करू की. मी हाय." मी म्हटलं, "नाही भाऊ. परवानगी काढून." माझ्या तोंडून ते शब्द आले तसे ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी राडारोडा उचलायला घमेलं घेतलं. वनिता कोपऱ्यात डोळ्यांना पदर लावून उभी होती. जेवायच्या वेळेआधी सगळं संपलं. तुम्ही वर्षभर ज्याला हात लावू दिला नाहीत, त्याला एक सकाळ पुरली.

तुमच्यासारखी सरळ झाले म्हणून हे केलं असं समजू नका. ढवळेभाऊंचा जिना विनापरवान्याचा आहे आणि गल्लीतलं सगळ्यात भलं काम त्याच जिन्यावर झालं, हे मी कुणालाही सांगेन. मी हे केलं कारण वर्षभर तुम्ही ज्या दारात उभे राहिलात, तिथून रिकाम्या हातानं परत यायचं माझ्या जिवावर आलं. आज तेच सांगायला गेले होते, की बाई, गॅलरी गेली, आता सुधारलेला नकाशा घ्या. तर म्हणे अर्जदाराची सही पाहिजे. मॅडम म्हणतात, वारसांच्या नावानं पुन्हा लावू, वेळ लागेल. लागू दे. गुरुवारी जाईन. गुरुवारीच जायची सवय आहे त्या फाइलला.

मशीन आता आतल्या खिडकीशी आहे. ट्यूबलाइट लावते. बायका खालून हाका मारतात आणि मला ऐकू येत नाही, मग त्या ढवळ्यांकडून वर येतात, बसतात, साडी हातात देतात. तुमची आठवण काढतात. हल्ली सगळ्यांना तुम्ही बरोबर होता असं वाटायला लागलंय. मला नाही वाटत. तुम्ही एका गोष्टीत साफ चुकलात आणि ते मी तुम्हाला सांगितल्याशिवाय राहणार नाही.

मी लगेच हो म्हटलं नसतं. एवढा संसार केलात आणि हे ओळखलं नाहीत. मी आधी खूप रडले असते. तुम्हाला काय काय बोलले असते, तुमच्या कंपनीला, तुमच्या लाल टॅगला, या अर्ध्या गुंठ्याला, सगळ्यांना नावं ठेवली असती. मग दोन-तीन दिवस तुमच्याशी बोलले नसते. ताट वाढून समोर सरकवलं असतं आणि तोंड फिरवून बसले असते. तुम्ही तेल गरम करून आणलं असतंत, मी पाय आखडून घेतला असता. आणि त्याच्यानंतर कधीतरी मी हो म्हटलं असतं. माझ्या तोंडानं, माझ्या मर्जीनं.

तो हो तुम्ही माझ्या वतीनं ऐकून घेतलात आणि माझ्याच वतीनं नाकारलात. मधलं भांडण मात्र मला करू दिलं नाहीत. बाकी सगळं तुम्ही मला दिलंत हो, तक्रार नाही. तेवढं एक भांडण आपलं करायचं राहून गेलं.